मजकुरातील ऑफसेटसाठी स्वतंत्र टाइप करावेत का?

प्रश्न:
रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत मजकूर पार्स करणारी (म्हणजे त्याची रचना ओळखणारी) एक लायब्ररी लिहीत आहे. सध्या मजकुरातील सर्व स्थाने (ऑफसेट) साध्या पूर्णांकांत ठेवली आहेत. परंतु पार्सर बाइट मोजतो आणि एडिटर यूटीएफ-१६ या एन्कोडिंगची १६ बिटांची एकके मोजतो, त्यामुळे एखाद्या फंक्शनला कोणता आकडा अपेक्षित आहे हे केवळ व्हेरिएबलच्या नावावरून ताडावे लागते. प्रत्येक मोजमापासाठी वेगळा रॅपर (आकड्याला गुंडाळणारा टाइप) केल्यास वेग कमी होईल का?

पहिला प्रतिसाद:
वेगाची चिंता नसावी. एकच फील्ड असलेल्या स्ट्रक्टची तपासणी कंपाइल होतानाच संपते आणि प्रोग्राम चालताना उरतो तो निव्वळ आकडा. खरी अडचण अशी की इंग्रजी मजकुरावर लिहिलेल्या चाचण्यांत सर्व मोजमापे जुळतात आणि चूक दडून राहते. ‘क्षि’ घ्या: वाचणाऱ्याला ते एक अक्षर, पण त्यात ४ कोडपॉइंट (युनिकोडमधील क्रमांकित चिन्हे) आहेत, यूटीएफ-१६ मध्ये ४ एकके आणि यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. चुकीच्या आकड्याने कोडपॉइंटच्या मधोमध स्लाइस केली (तुकडा कापला) तर रस्ट पॅनिक होतो, म्हणजे प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो, आणि हे नशीबच म्हणायचे. तोच आकडा योगायोगाने सीमेवर पडला तर भलताच तुकडा विनातक्रार हाती येतो.

दुसरा प्रतिसाद:
सहमत आहे, पण आकड्याला नुसते वेष्टन घालून भागत नाही. स्थान आणि लांबी हे दोन वेगळे टाइप असावेत: दोन स्थानांची वजाबाकी लांबी देते, स्थानात लांबी मिळवली की नवे स्थान मिळते, आणि दोन स्थानांची बेरीज निरर्थक असल्यामुळे ती उपलब्धच नसावी. जावामधील इन्स्टंट (क्षण) आणि ड्युरेशन (कालावधी) यांची विभागणी याच धर्तीची आहे. एडिटरला रस्टचा कोड समजावून देणारे रस्ट-अ‍ॅनालायझर वापरत असलेल्या टेक्स्ट-साइझ क्रेटमध्ये (रस्टच्या लायब्ररीत) मात्र दोन्हींसाठी एकच ३२ बिटांचा टाइप आहे. आत सर्वत्र बाइटच मोजले जात असल्याने तिथे ते चालून जाते, तुमच्याकडे चालेल असे वाटत नाही. आणखी एक, बाइटवरून यूटीएफ-१६ कडे नेणारे फंक्शन मजकूर मागितल्याशिवाय उत्तर देऊ शकत नाही, म्हणून त्यासाठी फ्रॉम ट्रेट (केवळ मूल्यावरून टाइप बदलण्याची रस्टची सोय) लिहू नये.

प्रश्नकर्ता:
मग प्रत्येक रूपांतरासाठी संपूर्ण मजकूर पहिल्यापासून मोजावा लागेल का?

तिसरा प्रतिसाद:
नाही. प्रत्येक ओळ कोणत्या बाइटपासून सुरू होते याची सूची एकदा तयार करावी, बायनरी सर्चने (दर वेळी सूची निम्मी करत) ओळ शोधावी आणि फक्त त्या ओळीपुरते मोजावे. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि भाषेचे साधन यांच्यातील संवादाच्या नियमांत) यूटीएफ-१६ हे मूळ गृहीत आहे, परंतु आवृत्ती ३.१७ पासून दोन्ही बाजूंना संमतीने यूटीएफ-८ निवडता येते. तसे जमले तर निम्मी रूपांतरे गळून पडतील. एक उणीव मात्र टाइप भरून काढत नाहीत. मजकूर बदलल्यानंतर जुना ऑफसेट टाइपच्या दृष्टीने निर्दोषच असतो, पण तो दाखवतो ती जागा सरकलेली असते. त्यासाठी ऑफसेट साठवताना सोबत दस्तऐवजाचा आवृत्तिक्रमांक ठेवावा आणि वापरण्यापूर्वी तो जुळतो का, हे पाहावे.