मदत हवी आहे: ट्रेस इव्हेंटमध्ये डिव्हाइसचं नाव, __स्ट्रिंग की १६ बाइटचा __ॲरे?

लिनक्स कर्नल ६.६ वरच्या आमच्या ड्रायव्हरचा एक पॅच माझ्याकडे रिव्ह्यूला आलाय. सहकाऱ्याने नव्या ट्रेस_इव्हेंटमध्ये (कर्नलमध्ये घडलेली गोष्ट नोंदवायची सोय) डिव्हाइसचं नाव घातलंय, पण रिंग बफरमध्ये, म्हणजे नोंदी साठतात त्या मेमरीत, अक्षरं नाहीत, नुसता पॉइंटर (नावाचा मेमरीतला पत्ता) ठेवलाय. टीपी_प्रिंटकेमध्ये, म्हणजे नोंद वाचताना ती कशी छापायची ते सांगणाऱ्या भागात, तोच %एसने (मजकूर म्हणून) छापलाय. नावाची जागा केमॅलॉकने मागून घेतलेली मेमरी, डिव्हाइस काढलं की मोकळी. ट्रेस मात्र लोक नंतर निवांत वाचतात.

चालवून पाहिलं. ट्रेस फाइल वाचताच डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) वॉर्निंग, आणि नावाशेजारी [अनसेफ-मेमरी]. ट्रेस-सीएमडी या टूलने रेकॉर्ड केलं तर नाव नाहीच, हेक्स आकडा. तेव्हा पॉइंटर बाद, त्यावर वाद नकोय. ('आपण डिव्हाइस काढतोच कुठे' हे उत्तर ऐकून झालंय.)

अडलंय पुढे. इव्हेंट दर पॅकेटला लागतो, त्यामुळे __स्ट्रिंग (नावाच्या लांबीइतकीच जागा घेऊन अक्षरं नोंदीत ठेवणारं फील्ड) घेतलं तर दर वेळी लांबी मोजावी लागेल ही सहकाऱ्याची तक्रार. नावं सध्या १५ अक्षरांच्या आत आहेत, म्हणून शेड_स्विच या कर्नलच्या इव्हेंटमधल्या कॉमसारखा (प्रोसेसचं नाव) १६ बाइटचा __ॲरे, म्हणजे ठरलेल्या लांबीचं फील्ड, सुचवावा असं वाटतं. पण उद्या नाव लांबलं तर ते मुकाट्याने कापलं जाईल. शिवाय कर्नल ६.१० पासून __असाइन_स्ट्रला (__स्ट्रिंगमध्ये नाव भरणारा मॅक्रो) एकच आर्ग्युमेंट लागतं, ६.६ वर दोन, आणि आम्हाला दोन्ही सांभाळायचेत. इव्हेंट अजून रिलीज झालेला नाही, फॉरमॅट बदलला तरी कुणाचं टूल मोडणार नाही.

इव्हेंट चालू असताना या दोन पद्धतींतला फरक कुणी प्रत्यक्ष मोजलाय का, आणि रिव्ह्यूत तुम्ही यातलं काय मागितलं असतं?