मदत हवी आहे: मुलांना घरीच शिकवायचे आहे, इंदूरमध्ये कायद्याने काय काय लागते?

धागाकर्ती:
मुलगा ११ वर्षांचा, पाचवी पास झाला. मुलगी ७ वर्षांची, दुसरीत जाणार. नव्या सत्रापासून दोघांना घरीच शिकवायचे ठरते आहे. सासरे म्हणतात पोलीस येतील, शेजारचे म्हणतात कलेक्टरची परवानगी लागते. नक्की परवानगी कुणाची घ्यायची? टीसी काढावी का? आणि दहावीचे काय? जाणकारांनी सांगावे.

सराफा_रात्री_दहानंतर:
परवानगी कुणाचीच नाही, कारण ती देणारे कार्यालयच नाही. कलेक्टर ऑफिसात अर्ज दिलात तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील, बस.

कायदा असा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम १० म्हणते की ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य. पण ते न पाळल्यास पालकांना दंड किंवा कैद, असे त्या कायद्यात कुठेच नाही. त्यामुळे सासऱ्यांना सांगा, पोलिसांचा इथे संबंध नाही. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र दिले होते की स्वखुशीने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही. लोक त्याची प्रत फाइलला लावतात. लावा, पण ते प्रतिज्ञापत्र आहे, निकाल नव्हे. तेवढ्यावर कुणाशी वाद घालायला जाऊ नका.

जुनी_इंदूर:
वरचे बरोबर. फक्त लोक अडकतात ते कलमांत नाही, कागदांत.

टीसी काढाच, दोघांचीही. न काढता नुसते पाठवणे बंद केले की शाळेच्या पोर्टलवर मूल ‘ड्रॉपआउट’ दिसते, आणि शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तुमचे घर येते. मग जनशिक्षक, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा शिक्षण खात्याचा माणूस, दारात. टीसीबरोबर पाचवीची गुणपत्रिकाही मागून घ्या. आपल्याकडे पाचवी-आठवीची परीक्षा बोर्ड पॅटर्नवर होते, ती पाचवीची गुणपत्रिका पुढे कामाला येते. मुलाची वेळ त्या दृष्टीने चांगली जमली आहे.

मग जन्मदाखला, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा ओळख क्रमांक) आणि टीसी समोर ठेवून अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख. समग्रमध्ये आडनाव हिंदी वळणाने चुकीचे चढलेले असणे ही मराठी घरांची जुनी रड. दुरुस्ती आत्ताच करा. दहावीच्या फॉर्मच्या वेळी निघालेली चूक महिनाभर वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारायला लावते.

जनशिक्षक आलेच तर भांडू नका. तारीखवार वह्या, विषयांची यादी आणि आईवडील दोघांच्या सहीचे एक साधे पत्र दाखवा. शपथपत्र कुणी मागत नाही, नोटरीचे पैसे वाचवा. आणि हो, घरचे दुकान असेल तर दुपारी मुलाला गल्ल्यावर बसवू नका. १४ वर्षांखालच्या मुलाने घरच्या धंद्यात मदत करायची ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, असे बालमजुरीचा कायदा सांगतो. शाळेतच न जाणाऱ्या मुलाची ‘शाळेची वेळ’ कोणती, हे पटवून देणे अवघड जाईल.

सराफा_रात्री_दहानंतर:
दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. वय किमान १४. आठवीची गुणपत्रिका नसेल तर ‘मी या पातळीचा अभ्यास केला आहे’ असे स्वयंघोषणापत्र चालते. पाच विषय, त्यांत किमान एक भाषा, जास्तीत जास्त दोन. उत्तीर्णतेला ३३ टक्के. नोंदणी ५ वर्षे टिकते, त्यात ९ संधी. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायच्या कामाला २० टक्के भार असतो आणि मुले नेमके तेच द्यायचे विसरतात.

मात्र मुलाला नववीत सीबीएसईच्या शाळेत परत पाठवायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा. नववीसाठी मान्यताप्राप्त शाळेची आठवी लागते, स्वयंघोषणा तिथे चालत नाही. म्हणजे परतायचेच असेल तर आठवीच्या आधी. १४ पर्यंत वयाला साजेशा इयत्तेत प्रवेशाचा हक्क आहे (कलम ४), पण तो हमखास मिळतो सरकारी शाळेत. खासगी शाळा जागा नाही म्हणून हात वर करू शकते.

धागाकर्ती:
खूप आभार. सोसायटीतली आणखी चार मुले आमच्याकडे बसवली तर? शिकवणारी ठेवून खर्च वाटून घेऊ.

जुनी_इंदूर:
इथे जपून. संध्याकाळची शिकवणी वेगळी. पण सकाळी ठरल्या वेळी वर्ग, फी आणि दारावर नाव, असे झाले की ती बिनमान्यतेची शाळा म्हणून बघितली जाऊ शकते. कलम १८: दंड एक लाखापर्यंत, आणि चालूच ठेवली तर दर दिवशी दहा हजारांपर्यंत. पालकांना शिक्षा नाही, शाळा चालवणाऱ्याला आहे. फी घेऊ नका, पाटी लावू नका, प्रत्येकाचे शिकवणे त्याच्या आईवडिलांच्या नावावर राहू द्या.

धागाकर्ती:
समजले. शेवटचे: एनआयओएसला मराठी घेता येईल का?

सराफा_रात्री_दहानंतर:
येईल. दहावीला भाषा विषयांत मराठी आहे, विषय क्रमांक २०४. फॉर्म भरताना सवयीने हिंदीवर टिचकी पडते, तेवढे बघा.