पर्ल: हॅशमधली यादी रकमेनुसार कशी लावायची?

रामबागकर, इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशोब यंदा माझ्याकडे आलाय. आधीच्या खजिनदार काकांची पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट आहे. ती टेक्स्ट फाइलमधून नाव आणि रक्कम वाचून हॅशमध्ये, म्हणजे की-व्हॅल्यू जोड्यांच्या साठ्यात, भरते. नाव ही की, रक्कम ही व्हॅल्यू. मोठी रक्कम वर हवी म्हणून सॉर्टमध्ये व्हॅल्यूंची तुलना सीएमपी (cmp) या ऑपरेटरने केली, क्रम उलटा लावला. नमुन्याला सात नावं घेतली तर यादी अशी आली: ५१, ५०१, ५००१, २५१, २१००, ११००, १०१. स्थापनेच्या दिवशी मांडवात फलक लागायचा आहे, कृपया सांगा.

लष्करवाली, ग्वाल्हेर
दादा, सीएमपी अक्षरं बघतं, डावीकडून एकेक. ५०१ आणि ५००१ मध्ये तिसऱ्या जागी १ आणि ० समोरासमोर आले की तिथंच निकाल. आकडा पुढे किती लांब आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

त्याजागी <=> घाला, ज्याला सगळे स्पेसशिप म्हणतात. तो संख्या म्हणून तुलना करतो. फोनवरून लिहितेय म्हणून कोड शब्दांत सांगते: सॉर्ट ज्या दोन कीजची तुलना करतो त्यांना ए आणि बी म्हणतो; त्याच्या महिरपी कंसात डावीकडे बी ची रक्कम, उजवीकडे ए ची, म्हणजे मोठी वर. सॉर्टला कीजच द्या. नुसत्या व्हॅल्यूज दिल्यात तर रकमा रांगेत लागतील, पण कुणी किती दिले ते हातातून जाईल.

आणि एवढ्यावर थांबू नका. वर्गणीत ५०१ वाले ढीगभर असतात. पर्ल ५.१८ पासून (२०१३) हॅशच्या कीजचा क्रम दर वेळी वेगळा येऊ शकतो, त्यामुळे सारख्या रकमेची माणसं आज वर, उद्या खाली. स्पेसशिपनंतर दोन उभ्या रेघांचं 'ऑर' घालून पुढे नावांची सीएमपी तुलना लिहा. मांडवातल्या फलकावर लोक आपलं नाव शोधतात, तिथं क्रमाला कारण असलंच पाहिजे.

रामबागकर, इंदूर
ताई, सातही नावं बरोबर लागली! पूर्ण फाइल चालवली तर '२,१००' वाले ५१ च्याही खाली गेले, आणि 'रु. ५०१' लिहिलेले पार तळाशी.

लष्करवाली, ग्वाल्हेर
पर्ल मजकुराच्या सुरुवातीचा आकडा उचलतो आणि पहिल्या परक्या चिन्हापाशी थांबतो. म्हणून '२,१००' चे झाले २, आणि 'रु.' ने सुरू होणाऱ्याचं शून्य. '५०१/-' मात्र ५०१ च राहतो. यूज वॉर्निंग्ज (इशारे दाखवायला लावणारी ओळ) चालू ठेवा, अशा प्रत्येक ठिकाणी तो ओरडून सांगतो. स्वल्पविराम आणि 'रु.' हॅशमध्ये भरण्याआधीच काढा, सॉर्टमध्ये नको.

सयाजीगंज, वडोदरा
एक भर घालतो. कुणी रक्कम देवनागरी आकड्यांत टाइप केली असेल तर पर्ल तिलाही शून्य धरतो. फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) म्हणून उघडा, स्क्रिप्टमध्ये यूज यूटीएफ८ लिहा आणि टीआर (एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारा ऑपरेटर) वापरून देवनागरी शून्य ते नऊ इंग्रजी शून्य ते नऊमध्ये बदला. पायथन या दुसऱ्या भाषेतलं इंट, म्हणजे मजकुराची पूर्ण संख्या करणारं फंक्शन, हे आकडे थेट वाचतं, तिथं ही खटपट नाही.

शिवाय नाव ही की ठेवलीत तर एकाच नावाच्या दोन नोंदींत दुसरी पहिलीला पुसते. पावती क्रमांक की करा.

रामबागकर, इंदूर
दोघांचे मनापासून आभार. एकाच नावाचे दोन कुलकर्णी आहेत आमच्याकडे, त्यातल्या एकांचे ११०० यादीत नव्हतेच. पावती क्रमांक की केल्यावर बेरीज पावतीपुस्तकाशी जुळली.