टीएसएच घालूनही थायरॉईडच्या पेशी वाढत नाहीत, काय चुकतंय?

पेशीपाल: नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी उंदराच्या थायरॉईडच्या एफआरटीएल-५ पेशी वाढवतोय. सीरम, इन्सुलिन सगळं काढून पेशी उपाशी ठेवल्या, मग नुसतं टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हॉर्मोन) घातलं आणि १२ तासांनी बीआरडीयू (नवं डीएनए बनतंय का ते दाखवणारी खूण) पाहिलं. कंट्रोल आणि टीएसएचच्या प्लेटमध्ये काडीचा फरक नाही. तीन आठवडे वाया गेले. कृपया मार्ग सुचवा.

फ्लास्कवाली: इन्सुलिन काढलंस, तिथेच घोळ झाला. टीएसएच रिसेप्टरला चिकटलं की पेशीत सीएएमपी (आतला निरोप्या रेणू) वाढतं, त्यातून प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम जागं होतं. पण पेशी नीट दुभंगायला आयजीएफ-१ची (इन्सुलिनसारख्या वाढ-घटकाची) साथ लागते. मिडियममध्ये मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन घालतात ते साखरेसाठी नव्हे. एवढ्या मात्रेला ते आयजीएफ-१च्या रिसेप्टरवरही काम करतं. फक्त टीएसएच काढ, बाकी सगळं राहू दे. आठवडाभर तशा ठेवल्यास तरी पेशी मरत नाहीत, नुसत्या थबकतात. आणि १२ तास फार लवकर होतात गं त्यांना! डीएनए बनायला लागायलाच जवळजवळ दिवस जातो. २४ आणि ४८ तासांनी बघ.

एक प्लेट फोर्स्कोलिन या वनस्पतीजन्य रसायनाची लावच. ते रिसेप्टरला वळसा घालून थेट सीएएमपी वाढवतं. तिथे पेशी वाढल्या आणि टीएसएचवर नाहीत, तर तुझी टीएसएचची बाटली खराब आहे. (आपल्याकडे ज्या माईनमुळ्याचं लोणचं घालतात त्याच्या मुळातून हे निघतं, आणि ते वेगळं केलं मुंबईतल्या हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात. मला याचा फार अभिमान वाटतो.)

गलगंड_ओपीडी: इन्सुलिनचा मुद्दा आम्हाला रुग्णांतही दिसतो. अ‍ॅक्रोमेगालीत (वाढीचं हॉर्मोन जास्त होण्याच्या आजारात) आयजीएफ-१ वाढलेलं असतं आणि गलगंड वारंवार आढळतो. ग्रेव्हज या थायरॉईडच्या आजारामध्ये अँटिबॉडीच टीएसएचची जागा घेते, म्हणून ग्रंथी वाढते आणि हॉर्मोनही उतू जातं.

माझी विनंती, नुसत्या पेशी मोजू नका, आयोडाइड किती ओढतात तेही मोजा. ब्रुसेल्सला द्युमाँ यांच्या गटाने कुत्र्याच्या थायरॉईड पेशींवर दाखवलं होतं की ईजीएफ या दुसऱ्या वाढ-घटकानेही पेशी वाढतात, पण थायरॉईडचं काम विसरतात. टीएसएचने वाढतातही आणि कामही करतात.

पेशीपाल: खूप आभार, डॉक्टर, तुमचेही. बाटली पाहिली: विरघळवलेलं टीएसएच चार महिने साध्या फ्रिजमध्ये, झाकणावर तारीख नाही. नवी मागवतोय. तोवर फोर्स्कोलिनची प्लेट उद्याच लावतो. आयोडाइडसाठी किरणोत्सारी आयोडीनची परवानगी आमच्याकडे नाही; रंग मोजून करायची पद्धत कुणी वापरली आहे का?

फ्लास्कवाली: हो, सँडेल-कोल्थॉफ. आयोडाइडमुळे सेरियमचा पिवळा रंग किती वेगाने उडतो ते बघायचं. काचेची भांडी मात्र आयोडीनपासून दूर ठेव. माझी बॅच एकदा बेटाडीनच्या हातांनी गेली होती.