दीड फुटी टँकसाठी स्पंज फिल्टर पुरेल का? आणि झाडं कुठली टिकतील?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. घरी माशांचा दीड फुटी टँक आहे, १८ बाय १० बाय १२ इंच, म्हणजे काठोकाठ भरला तरी ३५ लिटरच्या आसपास. त्यात एक फायटर मासा ठेवायचाय, बाकी गर्दी नको. दुकानदार ताशी ६०० लिटरवाला पॉवर फिल्टर गळ्यात मारतोय, पण एवढ्याशा टँकला तासाला सतरा वेळा पाणी फिरवून करायचंय काय, फायटर बिचारा पंखांसकट भिंतीला चिकटून बसेल. मला स्पंज फिल्टर बरा वाटतोय, पाणी स्वच्छ ठेवणारे बॅक्टेरियाही स्पंजमध्ये छान बसतात, फक्त तो एअर पंपावर चालतो, टँक हॉलमध्येच आहे आणि रात्री आम्ही तिथेच झोपतो त्यामुळे एअर पंपाची घरघर नको. कमी आवाजाचा पंप कोणी वापरतंय का, की हँग ऑन (टँकच्या काठावर टांगायचा फिल्टर) घेऊन त्याच्या तोंडाला स्पंज लावू?

झाडांचं म्हणाल तर कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर वगैरे लाड नाहीत, साधा एलईडी आहे. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला दोऱ्याने बांधणार, त्यांचा आडवा जाड कंद खडीत पुरला तर सडतो म्हणे. मागच्या बाजूला वॅलिसनेरिया हवंय, पण खाली नुसती बारीक खडी आहे, मग रूट टॅब (मुळांशी पुरायच्या खताच्या गोळ्या) खोचले की भागेल का? पाणी बोअरचं, जड आहे, काचेवर पांढरे डाग पडतात. असंच पाणी असणाऱ्यांनी प्लीज सांगा, तुमच्याकडे काय जगलं न काय मेलं.