मदत हवी आहे: दांडिया बाजारातला वाडा दुरुस्त करायचाय, भाडेकरू न हलवता

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचा दुमजली सागवानी वाडा आहे. पाच भाडेकरू, त्यातले तिघे सत्तरीपुढचे. एक आजी तर लग्न होऊन इथेच आल्या. खालच्या चार खांबांचे बूड वाळवीने पोखरलंय, मागच्या बाजूचं छत गळतं. नोटीस आलेली नाही, कोर्टात वाद नाही, मालकी आम्हा दोन भावांची.

बिल्डरला विचारलं, तो म्हणतो सगळे बाहेर काढा, फ्लॅट बांधू. ते आम्हाला मान्य नाही. इंजिनियरने पाहिलंय, टेकू देऊन अर्धा-अर्धा वाडा दुरुस्त होईल म्हणतात. म्हणजे एका वेळी दोन-तीन कुटुंबांना काही महिने जवळच खोली घेऊन द्यायची. भाडं आम्ही भरू. पण एकदा चावी दिली की परत मिळणार नाही, ही त्यांची धास्ती, आणि ती रास्तच आहे.

१९४७ च्या भाडे कायद्यात दुरुस्तीनंतर परत येण्याचा हक्क आहे, पण तो कोर्टाच्या हुकमाने जागा रिकामी केली तर. आम्ही आपखुशीने करतोय. मग तोच हक्क पक्का करायला करारात काय लिहावं, आणि नोटरी पुरेल की रजिस्टर करावा?