आईच्या स्वादुपिंडात सिस्ट (पाण्याची पिशवी) आणि सीए १९-९ (कॅन्सरच्या शंकेसाठी रक्तात तपासतात तो मार्कर) वाढलेला, कितपत घाबरायचं?

धाकटी_लेक: आई ६४ ची आहे. मागच्या महिन्यात थंडी वाजून ताप, पोटात कळा, डोळे पिवळे, म्हणून ॲडमिट केलं, पित्तनलिकेत खडा होता तो दुर्बिणीतून काढला. पण एमआरसीपीत (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) स्वादुपिंडाच्या शेपटाकडे १८ मिमीची सिस्ट दिसलीये, साइड ब्रांच आयपीएमएन (स्वादुपिंडाच्या उपनळीत होणारी, चिकट द्रवाची, पुढे कधी कॅन्सर होऊ शकणारी सिस्ट) असावी असं लिहिलंय. ॲडमिट केलं त्याच दिवशीच्या रक्तात सीए १९-९ आला १४०, नॉर्मल ३७ पर्यंत. सीईए (असाच दुसरा मार्कर) नॉर्मल. आईने तो कागद गादीखाली ठेवलाय, खोलीत कुणी नसलं की काढून बघते, मला एका शब्दाचाही अर्थ विचारत नाही आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. ऑपरेशन करावंच लागेल का?

कोल्हापूरकर७१: ताई, आमच्या बाबांचा कावीळ असताना ९०० च्या वर गेला होता, घरात रडारड. पित्तनलिकेत स्टेंट (नळी) टाकून कावीळ उतरली, दीड महिन्याने परत केला तर २६.

लॅबवाला: बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते) किती होतं त्या दिवशी? सीए १९-९ पित्तनलिकेच्या पेशीही बनवतात, पित्त तुंबलं, इन्फेक्शन झालं की तो रक्तात चढतोच. स्वादुपिंडाला सूज असली, शुगर फार वाढलेली असली तरी थोडा वर जातो. कावीळ असताना काढलेल्या आकड्यावरून सिस्टबद्दल काही ठरवू नका. आणि उलटंही लक्षात ठेवा, साधारण ५ ते १० टक्के लोकांचं शरीर हा मार्कर बनवतच नाही, लुइस निगेटिव्ह म्हणतात, त्यांना कॅन्सर असला तरी आकडा वाढत नाही. म्हणून पुढे नॉर्मल आला तरी स्कॅन सोडायचे नाहीत.

मीनल_ठाणे: माझी स्वतःची सिस्ट चार वर्षं फॉलोअपला आहे म्हणून सांगते, डॉक्टर आधी एमआरआय बघतात: सिस्ट ३ सेमीच्या पुढे गेली का, स्वादुपिंडाची मुख्य नळी ५ मिमी किंवा जास्त रुंद झालीये का, आत गाठ आहे का, वाढतेय किती. वाढलेला सीए १९-९ त्या यादीत आहे, पण यादीतली एक गोष्ट म्हणून. आणि रक्तातल्या सीईएवरून सिस्टचं फारसं कळत नाही हो, उपयोगी पडतो तो सिस्टमधल्या पाण्यातला सीईए. माझं एंडोस्कोपिक सोनोग्राफीने सुई घालून काढलं होतं, १९२ च्या वर असेल तर म्युसिनस (चिकट द्रवाची, पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या प्रकारची) सिस्ट असण्याची शक्यता जास्त, पण कॅन्सर झालाय की नाही ते तो आकडाही सांगत नाही.

धाकटी_लेक: जुने कागद काढले, त्या दिवशी बिलिरुबिन ५.२ होतं!! एमआरआयमध्ये नळी ३ मिमी, आत गाठ नाही असं आहे. कावीळ पूर्ण उतरलीये का बघून सीए १९-९ परत करायचं गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना विचारते. आत्ता आईशेजारी बसून तिला ५.२ चा अर्थ सांगितला, तिने कागद गादीखालून काढून फाईलमध्ये लावायला दिला.